काहीच न लावता

पुदिन्याच्या अर्काचा एक थेंब फरशीवर सांडला, तर ती खोली आठवडाभर पुदिन्याची होते.

आईच्या पोटात, पाण्यात, इतके महिने राहूनही बाळाचं अंग सुरकुतत नाही. त्यावर लोण्यासारखा एक पांढरा लेप असतो. तो शेवटीशेवटी चढतो. घाई करून आलेल्यांना तो पुरता मिळत नाही.

मलमाच्या डबीवर छापलेलं असतं, ‘रोज वापरा. फरक तुम्हालाच जाणवेल.’

कांद्याच्या पाकळ्यांमधला पापुद्रा उजेडात धरला, तर पलीकडचं दिसतं.

“तुमच्या अंगाला बागेचा वास येतोय,” असं म्हणून नर्सने काचेचं दार लावून घेतलं.

दाराच्या अलीकडे उभी राहिली ती मलमवाली. हे नाव तिच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं, आणि चिडवायला ठेवलेली नावं चिकटतात तसं चिकटलेलं. मलमवालीचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, स्टीलची पातेली, एक घुसळणयंत्र आणि भिंतभर बाटल्या: लव्हेंडर, गुलाब, संत्र्याची साल, ज्येष्ठमध. नवं मलम ती आधी स्वतःच्या गळ्याखाली लावून बघायची. आपल्याला सोसलं तर जगाला सोसेल, हा तिचा हिशोब.

दाराच्या पलीकडे, काचेच्या पेटीत, धाकटीची दिवस भरण्याआधीच आलेली मुलगी होती. धाकटी स्वतः खालच्या मजल्यावर, ऑपरेशननंतर चढलेल्या तापात. मेहुणे जहाजावर, समुद्र काही त्यांच्यासाठी आटणार नव्हता.

डॉक्टरांनी सकाळीच सगळं समजावलं होतं. बाळाची त्वचा अजून पुरी झालेली नाही. अंगातलं पाणी तिच्यातून उडून जातंय, पाण्याबरोबर ऊब जातेय, उबेबरोबर वजन. म्हणून पेटीत दमट हवा ठेवली आहे. बाळ जरा स्थिरावलं की त्याला कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं. माणसाच्या अंगासारखी ऊब यंत्राला जमत नाही. पण आईला ताप आहे तोवर घरातलं दुसरं कुणीतरी लागेल.

घरातलं दुसरं कुणी म्हणजे मलमवालीच.

“मी आज काहीसुद्धा लावलेलं नाही हो,” ती बंद दाराशी म्हणाली.

नर्सने दार बोटभर उघडलं. “आज नसेल. पण मुरलंय ना अंगात. अत्तराची कुपी झालीय तुमची. आत ज्यांना धड श्वास घेता येत नाही त्यांच्याजवळ असं जायचं? वास गेला की या.”

वास घालवायचा म्हणजे काय करायचं, हे मलमवालीला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी जाऊन तिने न्हाणीघराचं दार लावलं आणि स्वतःच बनवलेला अक्रोडाच्या कवचाचा भुगा घेतला. मान, गळा, छाती, दोन्ही हात. मग साबण. मग पुन्हा भुगा. अंगाची आग व्हायला लागली तेव्हा तिला बरं वाटलं. काहीतरी होतंय एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी नर्सने आधी नाकाने पाहिलं, मग डोळ्यांनी. गळ्याखाली लाल चट्टे होते, दोन जागी बारीक चिरा.

“बाई, अंग आहे की तांब्याचं भांडं? इतकं कुणी घासतं?”

“वास गेलाय.”

“वास गेला, आणि वरची भिंतही गेली. या चिरांमध्ये काय काय वस्तीला येतं माहितीय ना? तुम्हाला सोसेल ते. तिला?”

 हीच गोष्ट मलमवाली गिऱ्हाइकांना किती तोऱ्यात सांगायची! त्वचेचा सर्वात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्याचा गिलावा. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. सांगून झालं की ती अक्रोडाचा भुगाही विकायची.

“मग आता काय लावू?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. कोमट पाणी, सुती कपडे. आणि हात लावायचा नाही.” नर्स हसली. “तुम्हाला जड जाईल हे.”

जड गेलं. अंग खाजायचं, ओढल्यासारखं व्हायचं, आणि कपाटभर उपाय तिच्याकडे बघत असायचे. कारखान्यात जाणं तिने बंद केलं, कारण तिथली हवाच अंगाला लागायची. मदतनीस मुलीचा फोन आला.

“ताई, गुलाबाचं मलम फाटलं हो! पाणी एकीकडे, तेल एकीकडे.”

“फाटू दे.”

“काय?”

“झाकण ठेव आणि घरी जा.”

“ताई, तब्येत बरी आहे ना तुमची?” 

दिवसभर ती काचेपाशी बसे. पेटीच्या आतल्या बाजूला वाफ धरलेली असे, आणि वाफेतून बाळ दिसे: लालभडक, चकचकीत, बोटाएवढ्या मांड्यांचं. पोटावरच्या निळ्या शिरा मोजता आल्या असत्या. त्वचा होती, पण नुसती नावाला. आत आणि बाहेर यांचं अजून ठरायचं होतं. नर्स तेल लावताना चोळत नसे. दोन बोटं नुसती टेकवायची आणि उचलायची.

“कसलं तेल?” एकदा तिने विचारलं.

“सूर्यफुलाचं. बिनवासाचं. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच.”

मलमवालीच्या कारखान्यात ते कोपऱ्यातल्या सर्वात मोठ्या पिंपात असायचं. तिच्या प्रत्येक डबीत अर्धंअधिक तेच. डबीवर चित्र मात्र लव्हेंडरचं.

मग एका सकाळी तिने पाहिलं आणि ती ताडकन उठली. बाळाच्या पोटावरची कातडी सुटत होती. चकाकी गेलेली, कोरडी पडलेली, पातळ कागद फाटावा तशा कडा उचललेल्या. घोट्यांजवळ पापुद्रे.

“सिस्टर! अहो, साल निघतेय तिची! काहीतरी लावा ना!”

नर्स आली, वाकली, बघत राहिली. मग तिने पेटीच्या बटणाशी काहीतरी केलं.

“दमट हवा कमी करतेय,” ती म्हणाली. “आता तिला एवढी लागणार नाही. घाबरू नका. वरचं गळतंय, कारण खाली नवं उभं राहिलंय.”

“कुणी केलं?”

हा प्रश्न वेड्यासारखा होता आणि मलमवालीलाही ते कळलं. पण नर्स हसली नाही.

“तिनेच,” ती म्हणाली.

काचेवरची वाफ हळूहळू विरत गेली. पेटीत ते झोपलं होतं, मूठ गालाशी. ज्याला अजून दूध गिळता येत नव्हतं, डोळे धड उघडता येत नव्हते, त्याने झोपेत, कुणी न सांगता, नखाएवढी जागाही न सोडता, स्वतःभोवती भिंत रचली होती. विटा स्वतःच्या, गिलावा स्वतःचा. मलमवालीने काचेला कपाळ टेकलं. आयुष्यभर ती याच कामाच्या आसपास वावरली होती आणि काम चालू असताना आज पहिल्यांदा पाहत होती.

त्या संध्याकाळी हात धुताना पाणी झोंबलं नाही. मनगटावर थेंब पसरले नाहीत; गोल, टपोरे उभे राहिले. ती ते न पुसता पाहत उभी राहिली, नळ तसाच चालू.

नर्सने तिच्या गळ्याखालची त्वचा उजेडात नीट पाहिली तेव्हा तिथे चिरा नव्हत्या, चट्टे नव्हते.

“उद्या दुपारी या,” ती म्हणाली. “खाली तुमच्या बहिणीला विचारून घेते मी.”

दुसऱ्या दिवशी वर जाण्याआधी मलमवाली धाकटीपाशी गेली. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“कोण?”

“मी.”

“वासावरून कळायचं गं आधी. जवळ ये बघू.” धाकटीने तिच्या खांद्याशी नाक नेलं. “हा तुझाच येतोय. विसरलेच होते मी.”

“ताप बघू.” मलमवालीने हात पुढे केला.

धाकटीने चादर कपाळावर ओढून घेतली. “आहे कणकण. हात नको लावूस, गार असतात तुझे. जा ना वर, मलमवाले! वाट बघत असेल ती.”

वर नर्सने तिला खुर्चीत मागे रेलून बसवलं, सदऱ्याची बटणं सोडायला लावली आणि नळ्या सांभाळत ते बाळ उचलून तिच्या छातीवर ठेवलं. वजन जाणवलंच नाही. आधी ऊब जाणवली, मग ठोके, कुणाचे ते कळेनात. बाळाने गाल एकदा इकडे वळवला, एकदा तिकडे, आणि जागा सापडल्यासारखं ते थांबलं.

मलमवालीचे हात सवयीने काहीतरी करायला उचलले गेले. मग तिने ते बाळाच्या पाठीवर नुसते टेकवले, दाब न देता.

“हलू नका,” नर्स हळूच म्हणाली.

ती हलली नाही. दोन त्वचा, दोन्ही नव्या, एकमेकींना लागून होत्या आणि मध्ये काही नव्हतं.

धाकटीचा ताप आदल्या दिवशी सकाळीच उतरला होता.