आशयाची दोरी

मी एक जुनी दोरी आहे, केळीच्या सोपटाची. जुनी म्हणजे फार नाही, पण दोरीच्या जातीला दोन उन्हाळे म्हणजे म्हातारपणच. बुऱ्हाणपुरात, बुधवारा भागातल्या एका मराठी शाळेच्या व्हरांड्यात मी काचेच्या पेटीत राहते. खाली माझ्या नावाची पाटी आहे. येणारेजाणारे ती वाचतात आणि 'वा' म्हणून पुढे जातात. मित्रांनो, एवढा मान मिळूनही ही रडगाणं का गाते, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका.

तापीपलीकडे जैनाबादला कोकिळाबाईंच्या अंगणात माझा जन्म झाला. घड उतरला की केळीच्या खोडाला कोणी विचारत नाही, ते बांधावर कुजत पडतं. कोकिळाबाई त्याची सोपटं सोलायच्या, खरवडून तंतू काढायच्या आणि मांडीवर वळायच्या. मला वळताना त्यांनी पीळ जरा जास्तच दिला. तो अजून गेलेला नाही, हे माझ्या बोलण्यावरून कळलंच असेल.

त्यांची मुलगी हिमानी आठवीत होती. मराठी शिकवणाऱ्या ज्योत्स्नाबाईंनी वर्गात एक लांब दोरी मागितली, आणि हिमानी मला दप्तरात कोंबून पुलावरून शाळेत घेऊन आली. बाईंनी मला खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणून बांधलं. मला वाटलं, आता ओले रुमाल वाळत घालणार. पण बाईंचं डोकं निराळं चालायचं.

त्या म्हणाल्या, हे खिडकीचं टोक म्हणजे गोष्टीची सुरुवात आणि हे दाराचं टोक म्हणजे शेवट. गोष्टीत काय घडलं ते मला पाठ आहे, ते सांगू नका. घडता घडता आत काय वाढत गेलं, म्हणजे तिचा आशय, ते दाखवा. जिथे ते पहिल्यांदा डोकावलं तिथे ते कार्डावर लिहून चिमट्याने लावा, जिथे त्याने वळण घेतलं तिथे दुसरं लावा, आणि प्रत्येक कार्डासाठी धड्यातली ओळ वाचून दाखवा. गुण द्यायचे ते यावरच. दुसरं कार्ड पहिल्याच्या पुढे गेलंय की तेच रडगाणं गातंय, हेही बाई बारकाईने बघायच्या.

पहिल्या दिवशी मोहितने सगळी कार्डं दाराशीच लटकवली. तात्पर्य शेवटीच असतं, असं त्याचं म्हणणं. वर्ग हसला, बाईही हसल्या. त्यांनी त्याला गोष्ट पुन्हा वाचायला लावली, आणि पुढच्या खेपेला त्याचं एक कार्ड खिडकीपर्यंत पोचलं. काय सांगू, त्या दिवसांत माझी छाती फुगलेली असायची. मुलं माझ्यापाशी भांडायची, कार्डं सरकवायची, आणि बाई पुन्हा पुन्हा एकच सांगायच्या, "माझ्यापेक्षा वेगळं वाटलं तरी चालेल. धड्यात ओळ दाखवा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन."

मग नावाड्याचा धडा आला. एक म्हातारा नावाडी जन्मभर गावाला नदीपार नेतो, आणि पूल झाल्यावर गाव त्याला शाल-नारळ देतं. हिमानीने बराच वेळ माझ्याकडे बघत विचार केला. मग पहिलं कार्ड पुराच्या प्रसंगापाशी लावलं.

"बाई, पूर आला तवाच लोक त्याले काका म्हणतात," ती म्हणाली. "पानी उतरलं तं त्याचं नाव बी नही घेत. शेवटी शाल देतात, पन त्याले बसाले कोनी जागा नही देत. इथं ओळ हाये बघा. मले वाटते, ही गोष्ट कामापुरत्या मामाची हाये."

बाईंनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांनी हिमानीच्या पाठीवर हात ठेवला. "हे मलाही दिसलं नव्हतं गं," म्हणाल्या. हिमानी त्या दिवशी घरी कशी गेली असेल, हे मी बघू शकले नाही. पण पायांना पंख फुटले असणार.

तेवढ्यात शाळेच्या तपासणीची बातमी आली. साहेब ज्योत्स्नाबाईंचा दोरीचा तास बघणार होते. बाई अतिथी शिक्षिका, दर वर्षी नेमणूक नव्याने व्हायची, ती या तपासणीवर अडकलेली. मुख्याध्यापकांनी बजावलं की साहेबांच्या हातात नमुना उत्तर असेल: 'निःस्वार्थ सेवेचा अखेर सन्मान होतो.' बाईंनी मग कार्डं स्वतःच लिहिली, कोणी कुठे लावायचं ते ठरवलं आणि मुलांकडून दोनदा घोकून घेतलं. मला ते तेव्हाच खटकलं. पण गरिबाच्या पोटाचा प्रश्न होता.

तास झकास झाला. साहेब खुश दिसले. जाता जाता त्यांनी विचारलं, यापेक्षा वेगळं कोणाला वाटतं का?

हिमानीने हात वर केला. बाईंच्या शब्दावर तिचा भरवसा होता. ती उठली, आपलं कार्ड पुराच्या प्रसंगापाशी लावलं आणि धड्यातली ओळ वाचली. साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?"

त्यांच्या आवाजात राग होता की कौतुक, मला आजही कळलेलं नाही. बाईंना तर विचार करायलाही सवड नव्हती. "नाही सर," त्या म्हणाल्या. "ही पोरगी मनाचंच काहीतरी सांगते." आणि त्यांनी पुढे होऊन ते कार्ड माझ्यावरून ओढून काढलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गळा मुलीचा होता, पण चिमटा निघाला तो माझ्या अंगावरून. हिमानी रडली नाही. ती जागेवर बसली आणि पुस्तक मिटून ठेवलं.

बाईंची नेमणूक झाली. मला आदर्श उपक्रम म्हणून या पेटीत ठेवलं, आणि बाईंची ती लिहिलेली कार्डं डिंकाने माझ्यावर कायमची चिकटवली. आता ती कोणाला सरकवता येत नाहीत.

परवा बाईंनी हिमानीला याच पेटीपाशी थांबवलं. डोळे वर न उचलता म्हणाल्या, नवा धडा वाचलास ना, त्यात काय वाढत जातं असं तुला वाटतं? मी तंतूतंतूने ऐकत होते.

हिमानी अदबीने म्हणाली, "बाई, तुम्हाले काय पाहिजे ते सांगा ना. तेच लिहिते मी."

बाईंनी काचेवरून पुराच्या प्रसंगाच्या जागी बोट ठेवलं, जिथून तिचं कार्ड ओढून काढलं होतं. हिमानी तोवर वर्गात निघून गेली होती.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला बाहेर काढा, असं काही मी मागत नाही. फक्त कोण्या मुलाला 'तुला काय वाटतं' असं विचारलंत, तर त्याचं उत्तर आल्यावर त्याच्या शेजारी उभे राहा. तेवढी हिंमत नसेल, तर विचारू नका.