मोडक्या सामानाची खोली

माझी वहिनी सरकारी अनुदानावर चालणारं एक कुटुंब केंद्र सांभाळते आणि त्या केंद्राच्या दारात मी बसते. कागदोपत्री माझा हुद्दा 'अर्धवेळ स्वागतिका' असा आहे. जन्मभर शिवणकाम केलं, आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून वहिनीने मला इथे आणून बसवलं. नणंद-भावजय दिवसभर एका छताखाली, म्हणजे रोज खडाजंगी, असं लोकांना वाटतं. ते काही खोटं नाही. माझ्या नाकावर राग असतो आणि वहिनी शांत राहून माझा राग आणखी वाढवते.

केंद्रात कामं बरीच चालतात, पण त्याचा जीव आहे भेटीच्या खोलीत. ज्या मुलांना आईपासून किंवा वडिलांपासून वेगळं ठेवलेलं असतं, त्यांना त्या आईवडिलांना भेटता येतं ते इथेच, कोणाच्या तरी नजरेसमोर. ही जागा पूर्वी डाकघराची होती. माझं टेबल आणि ती खोली यांच्यामध्ये तिकिटं विकायची काचेची खिडकी अजून तशीच आहे. त्या खिडकीतून मला सगळं दिसतं आणि, खोटं कशाला बोलू, बरंचसं ऐकूही येतं.

त्या खोलीत एक वस्तू धड नव्हती. कपाटाची बिजागरी निसटलेली, खेळण्यातल्या ट्रकला चाक नाही, छत्रीच्या काड्या बाहेर आलेल्या, घड्याळ बंद. मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहिनीला म्हटलं, "अगं, सरकार अनुदान देतं ना? मग हे भंगाराचं दुकान कशाला मांडलंयस?"

"वन्सं, समोरासमोर बसवून 'आता बोला' म्हटलं की माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं," ती म्हणाली. "हाताला काम द्या, मग बघा."

बघितलं. सहा महिने एकमेकांकडे मान वर करून न पाहिलेले मायलेक एका छत्रीवर डोकं खुपसून वाद घालताना बघितले. वस्तू नीट झाली की वहिनी ती त्यांनाच घरी न्यायला द्यायची आणि गावभर फिरून दुसरी मोडकी वस्तू मागून आणायची. लोकांच्या अडगळीत तिचा जीव अडकलेला असे. माझा भाऊ म्हणायचा, हिच्या माहेरी भंगारवाले असणार.

त्याच खोलीत दर पंधरवड्याला एक लिफ्टवाला यायचा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करणारा, हाताने कसबी, पण बाटलीपायी संसार धुळीला मिळवलेला माणूस. बायको आजारात गेली तेव्हाही हा शुद्धीत नव्हता. मुलगी तिच्या आजीकडे, म्हणजे बायकोच्या आईकडे राहिली. आता त्याची दारू सुटली होती आणि आमच्या सरकारी विभागाने भेटीची परवानगी दिली होती, पण फक्त आमच्याच खोलीत. मुलगी सात वर्षांची. हाताला लागेल ते, खिळा, स्क्रू, वॉशर असं काहीही खिशात कोंबायची, म्हणून मी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. वडिलांना ती कशानेच हाक मारत नसे. बाबा नाही, काही नाही.

आजी तिला घेऊन यायची आणि माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसायची. जावयाचं तोंड बघायचं नाही म्हणून खिडकीकडे पाठ करून. एकदा मी सहज म्हटलं, "आजी, माणूस सुधारलाय हो." तर म्हणाल्या, "माझी लेक गेली ती परत आणतोय का?" मी चहा पुढे केला.

बापलेक एक तीन पायांचं स्टूल दुरुस्त करत होते. चौथा पाय त्यांनी जुन्या खोक्याच्या फळीतून काढला होता. तो घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. कित्येक भेटी झाल्या तरी स्टूल पुरं होईना. मला त्याची फार चीड यायची. वहिनीला मात्र कसलीच घाई नव्हती.

अशात विभागाचं नवं धोरण आलं. लहान केंद्रं मोठ्या केंद्रांत विलीन करायची. जी राहतील ती सगळी एकसारखी, मान्यताप्राप्त सामान असलेली. सामान आधी पाठवणार, मग तपासणी होणार आणि तपासणीनंतर ठरणार कोण राहणार, कोण जाणार. आमचं केंद्र लहान, म्हणजे आमच्या मानेवर सुरी. आमचं बंद झालं तर भेटी मोठ्या शहरातल्या कचेरीत होणार होत्या. तिथे जायला गाड्या बदलत जावं लागतं आणि आजींचे गुडघे तर बाकावरून उठतानाही कुरकुरतात. म्हणजे लिफ्टवाल्याची आणि खारूताईची भेट संपल्यातच जमा होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी ट्रक आला. नारिंगी प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल टेबल, धुता येतील अशी खेळणी, प्रत्येकावर विभागाची चिकटपट्टी. नवं उतरवलं आणि ट्रकवाला जुनं भरायला लागला. जुनं सामान जागेवर राहता कामा नये, असा हुकूम होता. मी स्टूल धरून ठेवलं. ट्रकवाला म्हणाला, "बाई, सोडा ना, मला अजून लांब जायचंय." मी म्हटलं, "जा की, स्टूल ठेवून जा." आमची चांगलीच जुंपली. शेवटी वहिनीने माझ्या हातातून स्टूल सोडवलं आणि स्वतःच ट्रकमध्ये ठेवलं.

"त्याची नोकरी आहे, वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता, म्हणून मी ट्रकच्या वाटेतून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. चष्मा, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. त्यांनी विजेचे दिवे पाहिले, स्वच्छतागृह पाहिलं, आग विझवायच्या बादल्यांपाशी थांबल्या. मागे एकदा एका बादलीला कडी नाही एवढ्यावरून शेरा पडला होता. तो शेरा मिटेपर्यंत आमची फाइल जागची हलली नाही. ना पुढे ना मागे. कडी पाहायला विभागाची दोन माणसं वेगवेगळ्या वेळी येऊन गेली. पण आज बाईंना बादल्या पसंत पडल्या.

"सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे कुटुंबं फार कमी येतात."

"ज्यांचं जमतं ती यायची थांबतात, मॅडम," वहिनी म्हणाली. "त्यासाठीच तर आपण आहोत."

"ते मला कळतं हो. पण निकषात बसत नाही. मला केंद्र बंद करण्याची शिफारस करावी लागेल. माझा नाइलाज आहे." त्यांना ते सांगताना आनंद होत नव्हता, हे मला मान्य करावंच लागेल. मला राग यायला निमित्त हवं होतं, तेही त्यांनी दिलं नाही.

तेवढ्यात भेटीची वेळ झाली. आजी आल्या, बाकावर पाठ करून बसल्या. खारूताई खोलीच्या दारात थांबली आणि जिथे स्टूल असायचं त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग एका नारिंगी खुर्चीवर जाऊन बसली. लिफ्टवाला समोरच्या खुर्चीवर, गुडघ्यावर हात ठेवून. खुर्ची लहान, माणूस मोठा. बिचारा फोटो काढायला बसवल्यासारखा दिसत होता.

"शाळा कशी आहे?"

"बरी."

"जेवलीस?"

"हो."

झालं. संपलं बोलणं. आम्ही खिडकीपाशी उभ्या होतो आणि पलीकडे ती दोघं नव्या प्लास्टिकच्या वासात गप्प बसली होती. पोरीचा हात खिशात गेला, खिसा रिकामा होता, हात बाहेर आला. इतक्या महिन्यांची मेहनत त्या ट्रकमध्ये बसून निघून गेली होती.

वहिनीने माझ्या टेबलाचा खण ओढला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि खोलीत गेली. एक कोरी करकरीत खुर्ची तिने उलटी केली, मांडी घालून बसली आणि स्क्रू काढायला लागली.

तपासणीच्या बाई दारात धावल्या. "अहो, काय करताय? ती विभागाची मालमत्ता आहे."

"हो मॅडम. मुलांसाठीच दिलीय विभागाने," वहिनी म्हणाली आणि दुसरा पाय काढला. चारही पाय, पट्ट्या, वॉशर सगळं तिने जमिनीवर पसरलं, स्क्रूड्रायव्हर लिफ्टवाल्याच्या हातात दिला आणि बाहेर आली. बाईंच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं होतं. अनुदान, नोकरी, सगळं आता गेलं, असं मी मनाशी धरून चालले.

आत लिफ्टवाला खाली बसला. एक पाय उचलला, लावला, स्क्रू फिरवायला लागला. खारूताई खुर्चीवरून तिरक्या नजरेने बघत होती. मग ती घसरत घसरत खाली आली.

"आधी वॉशर घालायचा असतो, बाबा."

लिफ्टवाल्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही. "असं होय? दाखव बरं," एवढंच म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. मग दोघांची डोकी त्या खुर्चीवर वाकली आणि पोरीची टकळी सुरू झाली. शाळेतली कोण कोणाशी बोलत नाही, आजी रात्री घोरते, सगळं बाहेर आलं.

मी वहिनीकडे पाहिलं. जो माणूस जन्मभर लिफ्टचे नटबोल्ट हाताळतो, तो वॉशर विसरेल? आणि तेव्हा मला माझं आठवलं. फार पूर्वी आम्हा दोघींचा अबोला होता, कारण आता सांगण्याजोगंही नाही. एके दिवशी वहिनी माझ्या शिवणाच्या दुकानात आली, भाचीचा फ्रॉक टेबलावर ठेवून. बाही उलटी लावलेली. माझ्याच्याने बघवेना. "बाही अशी लावतात का गं?" म्हणून मी ती उसवायला घेतली आणि उसवता उसवता बोलायला लागले. मला वाटत आलं होतं की हिला शिवण येत नाही.

"वहिनी, ती फ्रॉकची बाही," मी हळूच म्हटलं.

"कुठली बाही?" ती म्हणाली आणि खिडकीतून आत बघत राहिली. या बाईपुढे मी त्याच क्षणी हात टेकले. इतकी वर्षं तिने ते मनात ठेवलं, एकदाही चिमटा काढला नाही. माझ्याकडून हे सात जन्मांत झालं नसतं.

बाकावर काहीतरी हललं म्हणून मी वळले. आजी उठल्या होत्या. काठीवर भार देऊन खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनीही ती 'बाबा' हाक ऐकली होती.

भेट संपली. लिफ्टवाला निघून गेला, खारूताई आजीचा हात धरून दारात उभी राहिली. तपासणीच्या बाई खोलीत गेल्या आणि जोडलेल्या खुर्चीवर बसून अहवाल लिहायला लागल्या. खुर्ची डुगडुगली. त्यांनी वाकून खाली पाहिलं.

"एक स्क्रू कमी आहे."

"हो," वहिनी म्हणाली. "तो तिच्या खिशात आहे."

खारूताईने खिशावर हात घट्ट दाबला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "मान्यताप्राप्त खुर्चीत स्क्रू कमी म्हणजे शेरा मारावा लागेल. आणि शेरा मारला की पूर्तता होऊन फेरतपासणी झाल्याशिवाय मला कसलीच शिफारस करता येत नाही. नियम आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ज्या बाईंना मी सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्या खाली मान घालून सावकाश, वळणदार अक्षरात शेरा लिहीत होत्या.

"पूर्तता कधीपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं.

"पोरगी हट्टी आहे, मॅडम," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "फेरतपासणीला मीच येईन. भेटीच्या दिवशी. किती कुटुंबं येतात एवढंच नाही, इथे काय होतं, तेही वर लिहून पाठवायला हवं. त्याला निकष नाही अजून."

पुढच्या भेटीला खारूताई दारातूनच स्क्रू नाचवत आली. प्रामाणिक पोर. "आणला मी. आता बाबा आणि मी लावतो." वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. लहान मुलीला खोटं शिकवायचं कसं, आणि नाही शिकवलं तर खुर्ची आजच पुरी होणार.

आजींनी हात पुढे केला. "इकडे आण तो. आधी बाकीचे पाय बघा नीट बसलेत का. तुझ्या बाबाला म्हणावं, घाई नको."

मग त्यांनी तो स्क्रू रुमालाच्या टोकात ठेवला, गाठ मारली आणि रुमाल कमरेला खोचला. "माझ्याकडे राहू दे," त्या मला म्हणाल्या. "त्या मॅडम आल्या की आठवण करा हो. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही."

लेकीच्या लग्नात जावयाच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलं होतं, ते या बाईंनी मला मागच्याच महिन्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, "बरं आजी." आणि त्यांचा चहा आणायला उठले. परत आले तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून.