उलटी चिकटवलेली पेटी

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या मिस्त्रीचा एक बाणा होता: यंत्रासोबत आलेलं पुस्तक उघडायचं नाही. यंत्र आपल्याशी स्वतःहून बोलतं, असं तो म्हणे. बायको म्हणे, "मग तुम्ही ऐकत का नाही?"

असा हा मिस्त्री थोरल्या भावाचं रिमोटवरचं हेलिकॉप्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून बसला होता. ते दादाने स्वतः जुळवलेलं आणि वीस वर्षं उडवलेलं. दोन वर्षांपूर्वी दादाचे हात थरथरायला लागले, कपातला चहा बशीत सांडायला लागला आणि हेलिकॉप्टर कपाटावर जाऊन बसलं. दादाने तक्रार केली नाही. पण मैदानाच्या रस्त्याने जाणंही त्याने सोडलं, आणि ते मिस्त्रीला बघवत नव्हतं.

पंख्याच्या डोक्यावर तोल सांभाळणारी एक आडवी दांडी होती. ती काढायची, नवं डोकं बसवायचं आणि तोलाचं काम काडेपेटीएवढ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर सोपवायचं, असा बेत होता. हेलिकॉप्टर कललं की पेटीला कळतं आणि पात्यांखालची तबकडी हलवून ती त्याला सावरते. शिवाय तिला तसं बजावून ठेवलं, की बोटांची बारीक थरथर ती मनावर घेत नाही.

चार दिवस टेबलावर जेवण वाढता आलं नाही. शेवटी दोन स्क्रू उरले. "स्क्रू उरणं ही कसबाची खूण असते," असं मिस्त्रीने ऐटीत सांगितलं. ते काढलेल्या दांडीचे होते, हे बायकोने दाखवून दिलं. पेटीला वर जागा नव्हती म्हणून त्याने ती खालून, उलटी चिकटवली आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाला.

रविवारी सकाळी त्याने दादाला जवळजवळ ओढतच मैदानावर नेलं. "आता तुला काही करायचं नाही. सगळं पेटी बघते. तू फक्त उडव."

दादाने हात खिशातून काढले नाहीत. "उचलून वाकवून बघितलंस?"

"कशाला?"

"बघ तर."

मिस्त्रीने बॅटरी जोडली, हेलिकॉप्टर उचललं आणि नाक खाली केलं. तबकडी मागे कलायला हवी होती. ती आणखी पुढे कलली.

"हे सावरत नाहीये, ढकलतंय," दादा म्हणाला. "सुरू केलं असतंस तर जागच्या जागी पालथं पडलं असतं. पेटी उलटी लावलीस?"

"लावली."

"आणि तिला सांगितलंस, की तू उलटी आहेस?"

नव्हतं सांगितलं. भावाला आधार द्यायला निघालेल्या शहाण्याने भावाच्या वीस वर्षांचा चुरा करायची सगळी सोय करून ठेवली होती. मिस्त्रीचा चेहरा एवढासा झाला. "पुस्तक पिशवीत आहे," तो पुटपुटला.

पुस्तक नवंकोरं होतं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पण दादाच्या हातात ते आपोआप एकाच जागी उघडलं. त्या पानावर ग्रीसचे अंगठे उमटले होते, कोपरा दुमडलेला होता आणि एका ओळीखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती. बोटांच्या थरथरीकडे पेटीने कसं दुर्लक्ष करावं, त्याचं पान होतं ते.

दादाने पेन्सिलीच्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्याने पुढचं पान सोडवलं, पेटी उलटी असल्याची नोंद कशी करायची ते वाचून दाखवलं आणि मिस्त्रीने निमूटपणे तसं केलं. पुन्हा नाक खाली केल्यावर तबकडी मागे गेली.

"आण तो रिमोट," दादा म्हणाला.

त्याचे हात थरथरत होते. डोक्याएवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर मात्र खिळल्यासारखं उभं होतं. मिस्त्रीला ते नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

"रडू नकोस," दादा हेलिकॉप्टरवरची नजर न काढता म्हणाला. "घरी जाऊन बाकीची पानं वाच."