माझा फाटलेला तिसरा अंक

मी एका नाटकाची जुनी प्रत आहे, मित्रांनो. कॉलेजच्या ग्रंथालयात, खालच्या कप्प्यात राहते. तुमच्याविषयी चार शब्द बरे बोलावेत असं वाटतं, पण जीभ वळत नाही. थुंकी लावून पानं उलटणारे अंगठे, चिकटवलेलं च्युइंगगम, तेलकट बोटं. नुसती किळस येते.

नवी होते तेव्हा याच कॉलेजात माझा प्रयोग झाला. ग्रंथालयाचे शिपाईकाका मला धरून विंगेत प्रॉम्प्टिंगला उभे होते. पुढे मी अभ्यासक्रमाला लागले आणि माझं वाचन संपलं. 'महत्त्वाचे' अशी खूण केलेल्या ओळी तेवढ्या वहीत उतरू लागल्या. एका महाभागाने कॉपीसाठी माझी शेवटची आठ पानं फाडून मोज्यात कोंबली. मोज्यात! आणि वर्षानुवर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एक मुलगी आली. एक उत्तर उतरवायला तिने मला उघडलं आणि जमिनीवर बसून वाचतच राहिली. माझ्यात तीन भाऊ बापाचं घर वाटून घेतात. बहीण दोन अंक फक्त कपबश्या उचलते. तिसऱ्या अंकात ती तोंड उघडते, नेमकी तिथेच मी फाटलेली.

मुलगी मला घेऊन तडक सरांकडे गेली. "सर, शेवटी बहीण काय बोलते?"

वीस वर्षं मला शिकवणाऱ्या सरांनी चष्मा पुसला. "शेवट परीक्षेला नसतो गं."

सरांनीही मला गाइडातूनच वाचलं होतं तर! शिसारी आली मला.

रडवेली होऊन ती मला परत करायला आली.

"झालं वाचून?" शिपाईकाकांनी विचारलं.

"शेवटच नाहीये, काका."

काकांनी हातातला शिक्का खाली ठेवला. "बस, लिहून घे. तालमींतच सगळं पाठ झालं होतं मला. बहिणीचं काम करणारी ऐन वेळी शेवटचं वाक्य विसरली होती. मीच विंगेतून दिलं. ते कसं विसरेन?"

दोन दुपारी काका सांगत गेले, ती लिहीत गेली. भाऊ सहीसाठी कागद पुढे करतात आणि बहीण म्हणते, "मला विचारलंत कुणी?"

"एवढंच?"

"एवढंच. मग पडदा."

 मुलगी उठून हात धुऊन आली आणि लिहून काढलेली आठ पानं तिने मला डिंकाने चिकटवली. इतक्या वर्षांत हात धुऊन मला धरणारी ती पहिलीच.

काल एकाने मला नेलं. ती पानं उघडली, बहिणीच्या वाक्याखाली रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'परीक्षेला नाही'.

मित्रांनो, हात धुऊन या आणि शेवटापर्यंत वाचा. एवढंही जमणार नसेल, तर मला कप्प्यातच राहू द्या.