पातेल्याचं बूड

"ती पाटी उतरवा हो, नरहरराव. अजून अर्धा तास आहे साहेब यायला." हेडक्लार्क गोपीनाथ स्टुलावर चढण्याच्याच बेतात होते.

"पाटी राहील," नरहर खानझोडे म्हणाले.

"अहो, चहा चांगला आहे. फक्त तो कशावर उकळला ते सांगायची काय गरज?"

"ज्याच्या पोटात जायचा त्याला कळायला नको?"

कँटीनच्या दारावर ती पाटी तीन आठवडे होती. 'यहाँ की चाय मैले से निकली गैस पर बनती है.' खाली हेच मराठीतही होतं, म्हणजे कोणी अज्ञानात सुखी राहू नये. परिणामी तीन आठवडे कँटीनचा चहा दोघंच पीत होते: स्वतः नरहरराव आणि आचारी मुन्ने खाँ. बाकी कारखाना फाटकाबाहेरच्या टपरीवर जाई. तिथलं पाणी कुठून येतं हे टपरीवर लिहिलेलं नव्हतं.

राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूरहून भोपाळला बरंच सामान आलं होतं. फायली आल्या, खुर्च्या आल्या, आणि नरहररावही आले. पुढे बरखेड्यात कारखान्याची वसाहत झाली आणि तिच्या मैलापाण्याच्या केंद्रावर त्यांची नेमणूक झाली. इतर लोक तिथून बदली मागत. नरहररावांनी तिथली झाकणबंद टाकी सांभाळायला मागितली. टाकीत मैल्याचा साका कुजायचा आणि त्यातून निघणारा गॅस नळाच्या तोंडाशी नुसता जाळून टाकला जायचा. नरहररावांना ते बघवेना.

टाकीला ते रोज सकाळी सहाच्या ठोक्याला ताजा साका वाढत. फार नाही, कमी नाही. टाकी आंबली की वासावरूनच त्यांना कळे, मग चुना देत. थंडीत गॅस कमी झाला की बाळंतिणीची घ्यावी तशी तिची काळजी घेत. गॅसचा वास मारायला त्यांनी लेथखालचा गंजलेला लोखंडी कीस एका पेटीत भरला आणि गॅस त्यातून कँटीनच्या नळात सोडला. हे सगळं त्यांनी कोणत्या पुस्तकातून काढलं ते कोणी विचारलं नाही, कारण ते पुस्तक वाचायची कुणाला हौस नव्हती.

आज साहेब 'हो' म्हणाले तर कँटीनचा नळ राहणार होता. नाहीतर झडपेला सील लागणार आणि गॅस पुन्हा उघड्यावर जळत बसणार.

अकराला अच्युतसाहेब आले. त्यांनी निळी ज्योत पाहिली, "वा" म्हणाले. मुन्ने खाँनी चहा भरलेले पेले मांडले. सगळे पेल्यांकडे बघू लागले.

"माझा आज गुरुवार," साहेब म्हणाले. गुरुवारी चहा चालत नाही हा शोध भोपाळात त्या दिवशी लागला.

गोपीनाथांची दाढ दुखत होती. स्टोअरकीपर सुभाषना पित्त झालं होतं. पाच मिनिटांत असं दिसू लागलं की कारखाना नव्हे, इस्पितळच आहे.

"खानझोडे, कल्पना उत्तम," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "पण लोक घेत नसतील तर..."

तेवढ्यात दारात नरहररावांच्या पत्नी रत्नप्रभाबाई उभ्या राहिल्या. आठ वर्षं त्या नवऱ्याचा डबा नाकाला पदर लावून केंद्राच्या फाटकावर देत आणि मागे फिरत. आज फाटकवालाही तमाशा बघायला कँटीनमध्ये आलेला, म्हणून त्यांना इथवर यावं लागलं. त्यांनी पाटी वाचली. दोन्ही भाषांत वाचली. नरहररावांनी मान खाली घातली. घरी त्यांनी या गॅसबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आंघोळ केल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता, तिथे गॅसला कुठून मिळणार!

पण रत्नप्रभाबाई चहाकडे बघतच नव्हत्या.

"खाँसाब, वो पतेला जरा उठाव," त्या म्हणाल्या.

मुन्ने खाँनी फडक्याने धरून पातेलं वर उचललं. बाईंनी वाकून बूड पाहिलं. हळूच बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

"कितने दिन का है?"

"तीन हफ्ते से इसी पे चढ़ रिया है, खाला."

"घासते काहे से?"

"घिसना काहे का! पानी मारा, हो गया."

रत्नप्रभाबाईंनी बोट बराच वेळ समोर धरलं. पातेल्याचं त्याला काहीच लागलं नव्हतं; नखाखाली तेवढी दगडी कोळशाची काजळी होती. ती त्यांची स्वतःची, पंचवीस वर्षांची. मग त्यांनी एक पेला उचलला, बशीत ओतला आणि त्या सगळ्यांसमोर उभ्यानेच प्यायल्या.

"साखर जास्त झालीये," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गोपीनाथांची दाढ दुखायची राहिली. सुभाषचं पित्तही उतरलं. साहेबांचा गुरुवार मात्र बशीभर चहानंतर सुटला.

"साहेब," पदर सावरत रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "आमच्या क्वार्टरांत हा नळ कधी येणार?"

"वहिनी, आजच नोट टाकतो."

साहेब शब्दाचे पक्के. नोट त्यांनी त्याच दिवशी टाकली.

कँटीनचा नळ राहिला. नरहररावांनी पुढे सात वर्षं, एकही सकाळ न चुकवता, टाकीला सहाला वाढलं. क्वार्टरांचा नळ मात्र नोटेतच राहिला. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली, नारळ दिला. मुन्ने खाँनी कागदात गुंडाळून ते पातेलं दिलं.

संध्याकाळी भेटायला आलेल्यांसाठी रत्नप्रभाबाईंनी त्यातच चहा टाकला. कोळशाच्या शेगडीवर पहिल्या उकळीलाच बूड काळंठिक्कर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नरहरराव सवयीने उठून बसले. मोरीतून घासण्याचा आवाज येत होता. रत्नप्रभाबाई चिंच आणि राख घेऊन बसल्या होत्या.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पुन्हा काळंच होणार."

"नाही होणार."

त्यांनी पातेलं धुतलं, पुसलं आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगलं, बूड बाहेरच्या बाजूला करून. शेगडीवर ते पुन्हा कधी चढलं नाही.