सिंहाच्या डोक्यावरचा हात

आमच्या विथरलो गावच्या चर्चमध्ये फेब्रुवारीत उभं राहायचं तर आईचा काळा कोटच हवा, म्हणून त्या रविवारी मी तो घातला. खिशात हात घातला तर बाळांचे मोजे लागले. तीन होते, तिन्ही वेगळे. एक पिवळा, एक पांढरा, एक धुऊन धुऊन रंग गेलेला. एकालाही जोड नव्हती. आईला जाऊन महिना होत आला होता, आणि तिच्या वस्तूंचा अर्थ न लागणं मला आता नवीन राहिलं नव्हतं. मी मोजे होते तसे परत ठेवले.

खाली स्वयंपाकघरात थिया नेडला दूध पाजत होती. थिया माझी धाकटी बहीण, नेड तिचं पहिलं मूल. त्याच्या हृदयाला भोक होतं. मंगळवारी बर्मिंगहॅमला शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्याआधी बाप्तिस्मा व्हावा म्हणून आजचा घाट.

"ज्युडिथ, एक सांगून ठेवते," ती मान वर न करता म्हणाली. "आज बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी तो रडला नाही, तर मंगळवारी मी त्याला नेणार नाही."

"काय बोलतेस?"

"ऐकलंस तेच. घरी राहील. माझ्या कुशीत राहील. तिथे अनोळखी माणसांच्या हातात त्याला जाऊ देणार नाही."

"थिया, तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस."

"शिकवते. आणि ह्यू रडला नव्हता."

ह्यू आमचा भाऊ, आमच्या दोघींच्या आधीचा. आमच्याकडे मानतात की डोक्यावर पाणी पडलं की सैतान बाळाला सोडून जातो, आणि जाताना बाळ किंचाळतं. जे किंचाळत नाही, ते टिकत नाही. ह्यू कुंडापाशी शांतपणे छताकडे बघत राहिला होता. किती गुणी बाळ, असं सगळे म्हणाले होते. त्या वर्षीचं गवत कापायच्या आधीच तो गेला. आई याबद्दल कधी बोलली नाही. मावशी बोलायची.

अशा समजुतींवर मी पुष्कळ वाचलं आहे. त्या कुठून आल्या, का टिकल्या, हे मी कुणालाही तासभर सांगू शकले असते. थियाला मात्र नाही. थियाचा नवरा कॉलिन दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. म्हणजे त्याचंही बोलून झालं होतं.

नेड तर रडतच नसे. रडायला लागते ती ताकद त्याच्यात नव्हती. भूक लागली की कुरकुरायचा आणि मोठ्या डोळ्यांनी बघत राहायचा. डॉक्टरांनीही बजावलं होतं की त्याला फार रडू देऊ नका, ओठ निळे पडतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

चर्चमध्ये आमच्या आधी ऑल्विनमावशी पोचली होती. ती उत्तरेकडच्या लहान दाराशी काठी आपटत होती. बाप्तिस्म्याच्या वेळी ते दार उघडं ठेवतात. सैतानाने जायचं ते त्याच दाराने.

"फुगलंय मेलं! कॉलिन, खांदा लाव. नुसता उंच वाढलायस की काही जोरही आहे?"

"गारठा आत येईल, मावशी."

"येऊ दे. जायचं त्याला वाट नको? धुराड्यातून जाईल का?"

कॉलिनने तीनदा खांदा मारला. दार हातभर उघडलं आणि अडकलं.

"तेवढ्यातून जाईल तो?" कॉलिनने विचारलं.

"या घरातली माणसं बघून बारीक झाला असेल," मावशी म्हणाली. थियाच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला नाही.

आमचं कुंड चर्चहून जुनं आहे. तांबड्या दगडाचं, पिंपाएवढं, वरच्या काठाला दोरखंडाचा पीळ कोरलेला. एका बाजूला दोन माणसं झुंजताहेत, त्यांची नाकं झिजून गेली आहेत. दुसऱ्या बाजूला सिंह आहे. त्याचं शेपूट पोटाखालून पुढे येऊन तोंडापाशी वेलीचं रूप घेतं. बाकीचा दगड खरखरीत आहे, पण सिंहाचं डोकं गुळगुळीत आणि काळसर झालं आहे. गावात कुणाचाही बाप्तिस्मा असला की टॉवेल धरून उभं राहायचं काम आईचं, आणि उभ्या उभ्या तिचा उजवा हात त्या डोक्यावर असायचा. आईचं नाव एनिड; एनिडची श्रद्धा मोठी, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

आज टॉवेल माझ्याकडे होता.

चर्चच्या धर्मगुरू, व्हिकरबाई, नव्या होत्या, तरुण होत्या, मनाने चांगल्या होत्या. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि कुंडात ओतला. पाण्यातून वाफ वर आली.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"कोमट केलंय. नेडची तब्येत नाजूक, म्हणून."

"कोमट पाण्याने कोण रडतं, व्हिकरबाई? बाप्तिस्मा देताय की अंघोळ घालताय?"

"रडायला कशाला हवं, ऑल्विन?" त्या हसून म्हणाल्या.

थियाचा चेहरा पांढरा पडला. काय बोलणार होती ती? माझ्या आजारी मुलावर गार पाणी ओता?

व्हिकरबाईंनी नेडला डाव्या हातावर घेतलं. डोकं कुंडावर, पाय माझ्याकडे. मी टॉवेल डाव्या हातावर घेतला. आधाराला काहीतरी हवं म्हणून उजवा हात टेकला, तो सिंहाच्या डोक्यावर. दगड इतका गार होता की बोटं दुखली. तरी मी हात काढला नाही.

पहिली ओंजळ पडली. नेडने पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

दुसरी पडली. त्याने ओठ चाटले. मागच्या बाकावर कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "किती शांत आहे बाई!" थियाच्या घशातून बारीकसा आवाज आला. ती नेडकडे बघतच नव्हती. ती त्या अर्धवट उघड्या दाराकडे बघत होती.

माझा उजवा हात बधिर होऊन गेला होता. तो ऊब मिळावी म्हणून मी खिशात घातला आणि बोटं मोज्यांना लागली.

पिवळा, पांढरा, रंग गेलेला. जोड नसलेले. आमच्या गावात बाप्तिस्म्याला बाळाचा एक मोजा हरवतोच, त्यावर पिढ्यांचे विनोद आहेत. चर्चचे उंदीर थंडीचे मोजे घालतात म्हणे. आणि गेली पन्नासेक वर्षं या कुंडावर न रडलेलं मूल कुणाला आठवत नाही. ह्यू शेवटचा.

आई प्रार्थना करत नव्हती. ती हात गार करत होती.

मी हात बाहेर काढून पुन्हा सिंहावर दाबला, पंजा पूर्ण टेकवून. फार रडू देऊ नका, डॉक्टर म्हणाले होते. ओठ निळे पडतात. दुसऱ्या हाताने मी टॉवेलाखाली नेडच्या पायातला निळा मोजा ओढून खिशात सारला. पाऊल कोमट होतं, माझ्या अंगठ्याहून जरा मोठं. आईलाही दर वेळी ही अशीच भीती वाटली असेल का?

"...आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," व्हिकरबाई म्हणाल्या. तिसरी ओंजळ पडली. मी ते पाऊल गार मुठीत धरलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग नेडचं तोंड चौकोनी झालं, छाती वर आली, आणि तो किंचाळला. खरखरीत, रागीट, त्याच्या शरीराला न शोभणारा आवाज. तो छताला लागून परत आला. पुन्हा किंचाळला. त्याच्या ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या. मी झटकन मूठ सोडली आणि ते पाऊल दुसऱ्या, उबदार हातात घेतलं. मला माझाच श्वास ऐकू येत होता. हळूहळू हुंदके विरळ झाले, मग थांबले. ओठांवर रंग परत आला.

"गेला एकदाचा," मावशी मोठ्याने म्हणाली. "कॉलिन, लाव ते दार. हाडं गोठली माझी."

थियाने नेडला ओढून छातीशी घेतलं.

बाहेर पडताना मावशीने माझा हात धरला, उजवाच. तिने तो जरा वेळ चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एनिडचाही असाच असायचा. चहा होईपर्यंत गार." मग काठी टेकत पुढे गेली.

दुपारी थिया पलंगावर बॅग उघडून बसली होती. लंगोट, दुपटी, बाटल्या, हॉस्पिटलचे कागद. "ज्युडिथ, त्याचा निळा मोजा बघितलास का? एकच सापडतोय. बर्मिंगहॅमला न्यायचे होते ते."

कोट दारामागे टांगलेला होता. मी उठले नाही.

"चर्चमध्ये पडला असेल," मी म्हणाले. "दुसरे घे."

"मेले ते उंदीर," ती म्हणाली, आणि दुसरे दोन मोजे एकात एक गुंडाळून तिने बॅगेत ठेवले.