बाणाच्या शेपटीशी कोण?

चौकोनताईचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. चौकोनाची कड एकेरी ठेवावी की दुहेरी याचा जी बाई सहा वर्षं विचार करते, तिला दुसरं काय म्हणायचं, असं ग्रंथपालांचं म्हणणं होतं. ते तिलाही पटलं होतं.

तिचं काम तसं सांगायला सोपं होतं. एखाद्या हॉस्पिटलसाठी संगणकावरची यंत्रणा बांधायची तर तिथे काय काय घडतं याचं आधी चित्र काढावं लागतं. चित्र बघून साहेब मान डोलावतात आणि प्रोग्रामर प्रोग्राम लिहितो. जुन्या पद्धतीत चौकोन असायचे आणि बाण असायचे. रुग्ण कुठे आहे ते चौकोनात लिहायचं, पुढे कुठे जातो ते बाणाने दाखवायचं. ताईचा आक्षेप बाणांना होता. कुणीही उठावं आणि बाण काढावा, अशी त्यांची गत झाली होती. म्हणून तिने स्वतःची चित्रभाषा तयार केली. तिच्यात तेवीस चिन्हं होती आणि एक कडक नियम होता: शेपटीशी माणूस दाखवल्याशिवाय बाण काढायचा नाही. रुग्ण वॉर्डातून घरी गेला, तर त्याला घरी कुणी धाडलं? डॉक्टरने, नातेवाइकाने, की तो आपला आपण गेला? ते ठरत नसेल तर बाण नाही.

चिन्हांची पहिली परीक्षा घरीच झाली. बाबांनी भूमापन कार्यालयात पस्तीस वर्षं नकाशे काढले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना चुका काढायला काही उरलं नव्हतं. ताई रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कार्ड ठेवायची.

"हे काय वाटतं, बाबा?"

"छत्री."

"हा निर्णय आहे."

"मग छत्रीसारखा का काढलास?"

असं करत एकतीस चिन्हांची तेवीस झाली. नवरा यात पडत नसे. त्याला एकदा विचारलं तेव्हा त्याने सगळीच चिन्हं छान आहेत असं सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्याचं मत धरलं जात नव्हतं.

"भाषा केलीस, ठीक आहे," ताईचे मार्गदर्शक सर म्हणाले. "ती कुणाला वाचता येते का, हे मोजल्याशिवाय पदवी नाही."

एका मोठ्या हॉस्पिटलने परवानगी दिली. ताईने तिथल्या प्रोग्रामचे नियम तीन महिने एकेक करून वाचले आणि रुग्ण येतो कसा, जातो कसा, याचं चित्र आपल्या भाषेत काढलं. जुन्या पद्धतीचं चित्र हॉस्पिटलच्या कपाटात आधीपासून होतं. मग एका मंगळवारी दुपारी प्लास्टरच्या खोलीशेजारी अकरा कर्मचारी जमले. सहा जणांना ताईचं चित्र मिळालं, पाच जणांना जुनं. बारा प्रश्न, दहा मिनिटं. औषधं देणाऱ्या गृहस्थांनी, याचा निकाल वरिष्ठांकडे जाणार का, असं दोनदा विचारून घेतलं.

नववा प्रश्न होता: बरा झालेला प्रत्येक रुग्ण घरी जाऊ शकतो का? ताईने आपल्या उत्तरांच्या कागदावर "हो" लिहून ठेवलं होतं. हॉस्पिटलच्या नियमपुस्तकात तिसऱ्याच पानावर तसं छापलेलं होतं.

दहा मिनिटांनी सगळ्यांनी कागद दिले. मोठ्या सिस्टरांनी दिला नाही. त्या अस्थिरोग वॉर्डच्या प्रमुख होत्या, तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना घाई करायला लावणारं माणूस अजून भेटायचं होतं.

"सिस्टर, वेळ संपली."

"हो, ऐकलं मी," सिस्टर म्हणाल्या आणि वाचत राहिल्या.

बाविसाव्या मिनिटाला त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हा चौकोन. 'नातेवाइकाच्या सहीची प्रतीक्षा'. इथून बाहेर कसं पडायचं?"

"नातेवाईक सही करतो. हा बघा बाण, शेपटीशी नातेवाईक."

"आणि नातेवाईकच नसला तर?"

ताईने वाकून पाहिलं. त्या चौकोनातून घरी जाणारा एकच बाण होता. दुसरा एक बाण निघून 'निरीक्षणाखाली'कडे जात होता, त्याच्या शेपटीशी संगणकाचं चिन्ह होतं, आणि तिथून तो गोल फिरून पुन्हा त्याच चौकोनात येत होता. घरी जाणारा आणखी एखादा बाण काढायचा तर शेपटीशी कुणीतरी लागलं असतं. प्रोग्रामच्या नियमांत तसं कुणी सापडलं नव्हतं, म्हणून तिने तो काढला नव्हता. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने केलं होतं आणि पाहिलं मात्र नव्हतं.

"माझी काहीतरी चूक झाली असेल," ती म्हणाली.

"चूक नाहीये," सिस्टर चष्मा कपाळावर ढकलत म्हणाल्या. "कॉट नंबर नऊ. चला."

कॉट नंबर नऊवर एक घड्याळजी बसले होते. सत्तरीचे, नीट भांग पाडलेले. पलंगाला लावायच्या टेबलावर त्यांनी रुमाल पसरला होता आणि त्यावर एक मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. त्यांचा पाय मोडला होता, जुळून आला होता, आणि त्यानंतर ते सात महिने तिथेच होते.

"मला वाटायचं, डॉक्टरांनीच काही कारणाने ठेवून घेतलंय," सिस्टर ताईला हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर दर तीन महिन्यांनी बदलतात. नव्याला वाटतं जुन्याने काहीतरी पाहिलं असेल. ऑफिसला विचारलं तर ते म्हणतात, स्क्रीनवर 'निरीक्षणाखाली' दिसतंय, म्हणजे तुमच्याकडेच अडलंय."

घड्याळजींनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "तपासायला आलात?"

"नाही. मी चित्रं काढते," ताई म्हणाली. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला उत्तम वाटतंय. पण तुम्ही मंडळी सोडत नाही, म्हणजे आत काहीतरी असणारच. मी काही खोदून विचारलं नाही. उगाच कुणाला तरी वाईट बातमी सांगायला लावायची."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. एक खोली आहे, तीन जिने चढून."

"चढवेल तुम्हाला?"

"इथले चार चढतो की रोज. पाय मोकळे करायला."

ताईने टेबलावरच्या बारीक स्क्रूंकडे पाहिलं आणि सिस्टरांना अधीक्षकांची खोली कुठे ते विचारलं.

अधीक्षकांच्या खोलीत प्रोग्रामरलाही बोलावून घेतलं. त्याने ताईचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि ते बरोबर असल्याचं सांगितलं. कुणाचीच सही न घेता रुग्ण सोडायचा पर्याय प्रोग्राममध्ये नव्हता, कारण जुन्या चित्रात तो वेगळा दाखवलेला नव्हता. जुन्या चित्रात 'बरा झाला'पासून 'घरी' असा सरळ बाण होता. तो कुणी ओढायचा हे त्यात लिहिलं नव्हतं, म्हणून प्रोग्रामरने आपल्या मनाने नातेवाईक धरला होता.

"बदल करता येईल," तो म्हणाला. "मंजूर झालेलं चित्र मात्र लागेल."

"मंजुरी समिती देते," अधीक्षक म्हणाले. "समितीची बैठक नऊ आठवड्यांनी."

"तोवर?" ताईने विचारलं.

"ते इथे सात महिने राहिलेच आहेत," अधीक्षक म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी फक्त हिशोब सांगितला.

सिस्टरांनी प्रोग्रामरच्या मागे खुर्ची ओढली. "तो सहीचा फॉर्म उघडा बरं. नात्याच्या रकान्यात काय काय आहे?"

"आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण."

"बहीण टाका. माझं नाव लिहा."

"पण सिस्टर, तुम्ही त्यांच्या कुठे..."

"सात महिने ते मला दिवसातून वीस वेळा सिस्टर म्हणतायत. तुम्हीसुद्धा आत्ता तेच म्हणालात. तीस वर्षांत पुरावा कुणी मागितला नाही."

प्रोग्रामरने अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षक उठून खिडकीपाशी गेले. "मी या वेळी पार्किंगकडे लक्ष ठेवतो," ते म्हणाले आणि लक्ष ठेवू लागले.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळजी कागदोपत्री मोकळे झाले. प्रत्यक्षात निघायला त्यांना साडेपाच वाजले, कारण एक्स-रेवाल्या बाईंचं घड्याळ अर्धवट उघडं होतं आणि काम टाकून जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सिस्टर त्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत आल्या. ताईही आली.

"म्हणजे मला काही झालेलं नाही," घड्याळजी म्हणाले.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मी मनाची तयारी केली होती." ते जरा थांबले. "आता ती मोडावी लागणार." मग त्यांनी पिशवी घेतली आणि रिक्षात बसले.

घरी आल्यावर ताईने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"सात महिने?"

"हो."

"आणि तू चित्र कधी पुरं केलंस?"

"दोन महिन्यांपूर्वी. माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलं होतं."

बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने उत्तरं तपासली. नवव्या प्रश्नाला तिच्या गटातल्या सहापैकी चौघांनी "नाही" लिहिलं होतं. जुन्या चित्राच्या गटातल्या पाचही जणांनी "हो" लिहिलं होतं. तिच्या कागदाप्रमाणे चौघं चुकले होते. तसं धरलं तर जुन्या पद्धतीला शंभरात ब्याऐंशी गुण पडत होते आणि तिच्या भाषेला चौऱ्याहत्तर. नवव्याचं उत्तर "नाही" धरलं तर तिला शहात्तर आणि जुनीला त्र्याहत्तर. तिने हे तीनदा करून पाहिलं. मग ती सरांकडे गेली.

"निकाल बघून उत्तर बदलायचं नाही," सर म्हणाले. "मग मोजलं काय आपण?"

"पण सर, उत्तर चुकलंय. माणूस कॉटवर होता."

"माणूस होता हे मला मान्य आहे. पद्धतीला नाही." त्यांनी कागद चाळले. "या सिस्टरांना वगळता येईल. बाविसाव्या मिनिटाला उत्तर दिलंय, वेळ पाळलेली नाही. त्यांना काढलंस तर तुझी सरासरी वेळ तरी सुधारेल."

"त्यांना वगळणार नाही," ताई म्हणाली. सरांशी ती इतक्या थोडक्यात पूर्वी कधी बोलली नव्हती.

तिने प्रबंधात दोन्ही निकाल शेजारी शेजारी दिले आणि आपणच लिहिलेलं उत्तर चुकीचं कसं निघालं ते सव्वा पानात मांडलं. परीक्षकांनी ते पान सर्वांत लक्ष देऊन वाचलं. चाचणी पुन्हा घ्या, असा निर्णय झाला: किमान चाळीस माणसं, वेगळी जागा, आणि उत्तरं आधीच दुसऱ्या कुणीतरी लिहून बंद पाकिटात ठेवलेली. हे तिला रास्त वाटलं, आणि त्याचाच राग आला. दोन दिवस तिने प्रबंधाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने, तुझी छत्री मला पहिल्यापासून आवडायची, असं सांगितलं, तेव्हा ती हसली.

नऊ आठवड्यांनी हॉस्पिटलच्या समितीने घरी जाणारा दुसरा बाण मंजूर केला. त्याच्या शेपटीशी अधीक्षकांचं चिन्ह आहे. त्यासाठी ताईला चोविसावं चिन्ह करावं लागलं. ते बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

चाचणीसाठी नवी जागा मिळणं मात्र अवघड झालं. बातमी पसरली होती. दोन हॉस्पिटलांनी गोड बोलून नकार दिला. तिसऱ्याने, आमच्याकडे बिननातेवाइकांचा एकही रुग्ण नाही, असं न विचारताच सांगून फोन ठेवला. शेवटी प्राण्यांच्या दवाखान्याने होकार दिला. तिथे साठ कर्मचारी होते आणि मोठे डॉक्टर मोकळे गृहस्थ होते.

"या की, खुशाल या," ते म्हणाले. "आमच्याकडे तसला घोळ व्हायचाच नाही. इथे प्रत्येक जनावराला मालक असतो."

ताईने वही उघडली. "प्रत्येक म्हणजे आज किती?"

डॉक्टरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चौथ्या बोटापाशी ते थांबले, आणि आतल्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना त्यांनी हाक मारली.